डोळा लागताना

सौ. राजलक्ष्मी,

वैष्णवीचं बाळंतपण नीट पार पडलं, आता साताऱ्यात निवांत राहा, असं मी काल फोनवर म्हणालो. झोप लागते का, असं तू विचारलंस तेव्हा हो म्हणालो. ते खरं नाही.

डोळा लागता लागता पाय अजून तसाच उडतो. पायरी चुकल्यासारखं वाटतं आणि मी ताडकन जागा होतो. डॉक्टर सांगतात आणि मी स्वतः शोधून वाचलंही, की हा नुसता स्नायूंचा झटका आहे, धोका नाही. दमणूक आणि चहा कमी करा. चहा सोडला. परवा दोन्ही पाय टॉवेलने बांधून झोपलो, तर अख्खाच्या अख्खा पलंगावरून खाली आलो. सकाळी खालचे हिरामणशेठ म्हणाले, "काय शेलार, मार्केटातली गोनी घरी आनून टाकता काय?"

साताऱ्याला जायच्या आधी तू मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढायला आलीस, तेव्हा मी तुझ्या भावासमोर हसलो आणि तू हॉलमध्ये झोपायला लागलीस. स्नायूंना नजर लागत नाही, हे माझं म्हणणं आजही बरोबर आहे. तरी काल मूठभर मीठ घेऊन उभा राहिलो. पुटपुटायचं काय, ते ठाऊक नाही. शिवाय स्वतःची दृष्ट स्वतः काढायची नसते, ती दुसऱ्याच्याच हाताने उतरते, एवढं मलाही माहीत आहे. मीठ परत बरणीत टाकलं.

तू कधी येणार, हे उद्या फोनवर विचारायचं ठरवलंय. पण बहुतेक बाळाचं वजनच विचारीन.

वैष्णवीचे पप्पा
जुईनगर