फळ्याचा उजवा कोपरा

सिस्टर, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. परवा मुलगी पुण्याहून आली होती, तिला फोनवर शोधायला लावलं. तिनं बराच वेळ वाचलं आणि म्हणाली, "आई, जो तो आपापलं सांगतोय. ठरलेलं काहीच नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "पण तुला हिंगोलीत बसून आफ्रिकेतल्या विमानाचं काय पडलंय?" मी तिला तुमच्याबद्दल सांगायला लागले आणि त्या नादात भाजी करपली. सांगणं अर्ध्यावर राहिलं, म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं तरी झाली असतील. हे पत्र कुठं टाकायचं असा प्रश्न नाही, कारण ते टाकायचंच नाही.

नववीचा वर्ग आठवतो. मोंढ्याच्या बाजारात हळद उतरली की वाऱ्याबरोबर तिचा वास खिडकीतून आत यायचा आणि तुम्हाला शिंका यायच्या. मी हट्टा गावाहून आलेली, तुमच्याकडे बोर्डिंगात राहणारी मुलगी. मी 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की शहरातल्या मुली तोंडावर हात ठेवायच्या. तुमचीही मराठी काही इथली नव्हती. 'काय गो', 'ये गो' असं तुम्ही म्हणायचात आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही तुमची नक्कल करायचो. तुम्हाला ते ठाऊक होतं. एकदा मागून येऊन तुम्हीच एकीला म्हणालात, "हात अजून थोडा वर घे, मी बोलताना घेते तसा." ती पोरगी आठवडाभर तुमच्यासमोर आली नाही.

तुम्ही भूगोल शिकवायचात. जूनच्या पहिल्या तासाला पुस्तक न उघडता फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात खडूनं एक चौकोन आखायचात. हा कोपरा ज्याचं उत्तर या वर्गात कुणालाच येत नाही अशा प्रश्नांसाठी, असं सांगायचात. 'कुणालाच' म्हणताना स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचात. उत्तर सापडलं तर ज्याला सापडलं त्यानं आपल्या हातानं प्रश्न पुसायचा. नाही सापडलं तर तो राहू द्यायचा. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सिस्टर, आमच्या गावचा रस्ता कधी व्हईल ते लिहा." सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "ते ज्यांना ठाऊक आहे ते सांगत नाहीत, गो. हा कोपरा तसल्यांसाठी नाही." वर्ग झाडणाऱ्या मावशींना मात्र तो चौकोन कधी आवडला नाही. फळा पुसताना तेवढीच जागा सोडून हात फिरवायचा म्हणजे त्यांना डोक्याला ताप वाटायचा. "समदा फळा लख्ख आन् कोपऱ्यात ह्यो पसारा," म्हणत त्या फडकं झटकायच्या. पण त्यांनी तो एकदाही पुसला नाही.

आणि मग ती सकाळ. सहामाही परीक्षा जवळ आली होती. तुम्ही वर्गात आलात ते ट्रान्झिस्टर काखेत धरूनच. भिंतीवरचा आफ्रिकेचा नकाशा सरळ केलात आणि मोझांबिकवर बोट ठेवलंत. तिथले अध्यक्ष शेजारच्या देशातली बैठक आटोपून रात्री परत येत होते. राजधानी जवळ आली असताना विमान मध्येच वळलं आणि सरहद्दीपलीकडच्या डोंगरावर आदळलं. एवढं तुम्ही सांगितलंत आणि तुमचं बोट नकाशावरच राहिलं. तुमचा जन्म तिथला, तुमचे वडील गोव्याहून तिकडे रेल्वेत नोकरीला गेलेले, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिथल्या समुद्रकिनारी तुम्ही काजूच्या झाडाखाली खेळलेल्या. आम्हाला वाटायचं, सिस्टर या सिस्टर म्हणूनच जन्माला आलेल्या असतात.

दुपारी गणिताचे सर व्हरांड्यात तुमच्याशी बोलत होते आणि मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बाजूला उभी होते. सर चांगले माणूस, पण बोलायला घाई फार. ते म्हणाले, "सिस्टर, ह्याच माणसानं तुमच्या मिशनच्या शाळा ताब्यात घेतल्या होत्या ना? मग देवानंच न्याय केला म्हणायचा." तुमची थोरली बहीण तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवत होती, आणि शाळा सरकारनं घेतल्यावर तिला एक पेटी उचलून निघावं लागलं होतं. हे सरांना माहीत होतं. मला नव्हतं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "सर, आपल्याला हवं ते देवाच्या नावावर खपवू नका. त्यांनी आमची शाळा घेतली, ते मला दुखलं. पण ते आधी दवाखान्यात नर्स होते. रोग्याला उचलणारा माणूस पुढं आख्ख्या देशाला उभं करायला निघाला, तेही खरंच आहे. आणि विमान का वळलं, ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही." सर म्हणाले, "तुम्ही म्हणजे ना, सिस्टर, कुणाच्याच बाजूच्या नाहीत." तुम्ही म्हणालात, "आहे ना. जे मेले, त्यांच्या बाजूची आहे."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तुमच्या अक्षरात नवा प्रश्न होता: 'ते विमान का वळलं?' तिथं तुम्ही स्वतः लिहिलेला तेवढा एकच. पुढं महिनोन्महिने बातम्या येत राहिल्या. कुणी वैमानिकांची चूक म्हणालं. कुणी म्हणालं, वाट चुकवण्यासाठी जमिनीवरून खोटा रेडिओ-संकेत सोडला होता. तुम्ही दर वेळी दोन्ही बाजू वर्गात वाचून दाखवायचात आणि फळा पुसायचं फडकं उचलायचा नाहीत. आमच्यातली एक वकिलाची मुलगी होती, तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "सिस्टर, मारलंच असणार. सगळे तसंच म्हणतात. पुसू का?" तुम्ही तिला जवळ बोलावलंत. तो तुमचा चेहरा मला आजही दिसतो. रागावलेला नाही, थकलेलाही नाही. "तुला कुठलं उत्तर आवडेल, ते आधी स्वतःला विचार," तुम्ही म्हणालात. "आणि मग उलटं उत्तर आलं तर तू ते घेशील का, तेही विचार. घेणार असशील, तरच इथं प्रश्न लिहायचा. नाहीतर हा कोपरा आपल्या कामाचा नाही." त्या दिवशी मला ते नीट समजलं नव्हतं. मोठ्या माणसांचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

शाळा सुटल्यावर मी तुम्हाला एकदाच भेटले. लग्नाची पत्रिका घेऊन आले तेव्हा नववीच्या वर्गात डोकावले, चौकोन होता, आणि आत तो प्रश्न होता. अक्षर दुसऱ्या कुठल्या मुलीचं. दर जूनमध्ये नवा वर्ग तो पुन्हा लिहून काढतो, असं तुम्ही सांगितलंत. लग्नाची भेट म्हणून तुम्ही मला कागदात गुंडाळलेली खडूची पेटी दिलीत. सासूबाईंनी ती उघडली आणि विचारलं, "ह्ये काय दिलं बया तुज्या सिस्टरनं? पाट्या लिहायच्या का आता?" मी हसून ती फडताळात ठेवून दिली. नंतर मुलीनं त्यातल्या खडूंनी अंगणात घरं आखली, दुकानं मांडली. थोडे खडू उरले.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. गेल्या वर्षी हे गेले. यांना सिद्धेश्वरच्या धरणावरची मासळी फार आवडायची. मी काही मासे करत नाही, म्हणून हे स्वतःच मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडायचे. त्या दिवशीही मासळी आणायला जीपनं गेले होते. गाडीवर नेहमीचे चाचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याकडे गाडी चालवणारे, माझ्या मुलीला सायकल शिकवणारे. परत येताना दिवस मावळायला, कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर, जीप वळली आणि खाली गेली. हे जागीच गेले. चाचांचा पाय मोडला. पोलिसांनी विचारलं, दिरांनी विचारलं, मीही विचारलं. चाचा दवाखान्याच्या खाटेवर पडून एवढंच म्हणत राहिले, "बाई, मलाच समजून न्हाई राहिलं. गाडी वळली. काहून वळली, खुदाला माहीत." सिस्टर, ते ऐकलं तेव्हा यांच्या जाण्याच्या दुःखातही मला तुमचा फळा दिसला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंगणात सगळी भावकी जमली होती. चाचा काठी टेकत आले आणि फाटकाशीच थांबले. दीर माझ्याजवळ येऊन हळू बोलले, "वयनी, तुमी फकस्त येवढं म्हणा, त्याला डुलकी लागली व्हती. मोठी माणसं बसल्यात, तुमचा शबुद कोणी खाली पडू देणार न्हाई."

"भावजी, तुम्हाला कसं माहीत डुलकी लागली होती?"

"दुसरं काय आसणार? सरळ रस्ता. गाडी आपल्या मनानं कॅनॉलात जाती व्हय?"

यांचा हा धाकटा भाऊ काही वाईट नाही. त्याचाही भाऊ गेला आहे. कुणावर तरी बोट ठेवल्याशिवाय त्याला घास गिळत नाही, हे मला दिसत होतं. पण मी 'हो' म्हटलं असतं तर चाचांना पंचक्रोशीत कुणी गाडीला हात लावू दिला नसता, आणि त्यांच्या दोन्ही मुलांनाही नाही. त्या घरातलं प्रत्येक माणूस गाडीवरच जगतं. दिरांनी मग मोठ्यानंच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आणि जे माहीत नाही ते मी यांच्या श्राद्धाच्या दिवशी बोलणार नाही." एक म्हातारे चुलत सासरे म्हणाले, "सून शिकलेली हाय बाबा." त्यात कौतुक होतं की टोमणा, ते मला कळलं नाही. मग पंगत बसली. मी स्वतः जाऊन चाचांना फाटकापासून आत आणलं आणि पानावर बसवलं. दीर त्या पंगतीला बसले नाहीत, पण वाढायला मात्र आले, आणि चाचांच्या पानात त्यांनी न बोलता बुंदी वाढली.

त्या रात्री मी समाधानानं झोपले. मला वाटलं, सिस्टरांनी असंच केलं असतं.

पण गेल्या आठवड्यात चाचा आले, हातात धरणावरची मासळी. मुलगाच जाऊन घेऊन आला होता म्हणे, ते स्वतः अजून त्या रस्त्यानं जात नाहीत. मी चूल पेटवली. मला काय येतंय त्यातलं? चाचा ओट्यावर बसून सांगत होते, मीठ लावा, अजून लावा, बाई, घाबरू नका, मासा काय उठून पळत न्हाई. आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो. मग ते काठीनं जमिनीवर रेघा ओढत म्हणाले, "बाई, त्या दिशी तुमी म्हणून टाकायचं व्हतं. डुलकी लागली म्हणून. ठरलं तर आसतं. आता डोळे मिटले की गाडी वळती."

मी म्हणाले, "डुलकी लागली होती का, चाचा?"

"न्हाई, बाई. मी टक्क जागा व्हतो." आणि मग त्यांनी शेडमध्ये उभ्या असलेल्या त्या चेपलेल्या जीपकडं पाहिलं. "पाटील लई बोलायचे गाडीत," एवढं म्हणाले आणि पुन्हा काठीनं रेघा ओढू लागले.

सिस्टर, चाचांच्या या पाटलांना, म्हणजे यांना, एक सवय होती. चाचांच्या शेजारी बसायचे आणि यांना कधी स्वस्थ बसवायचं नाही. समोर म्हैस दिसली, खड्डा दिसला की "इकडं घे, इकडं घे" म्हणत यांचा हात सरळ स्टिअरिंगवर जायचा. मी मागच्या सीटवरून किती वेळा ओरडले असेन. चाचा हसून म्हणायचे, "पाटील, तुमीच चालवा, मी बाजूला बसून हुकूम सोडतो." घरात तो आमचा ठेवणीतला विनोद होता.

मी चाचांना पुढं काही विचारलं नाही. मासा उलटला. तो थोडा चिकटला. "चालतंय," चाचा म्हणाले, आणि आम्ही जेवलो.

तुमची थोरली बहीण पेटी घेऊन त्या देशातून निघाली होती, तरी ज्यांच्यामुळे ती निघाली त्यांच्या मरणाबद्दल तुम्ही तो प्रश्न लिहिलात. उत्तर कुठल्याही बाजूला पडलं असतं तरी तुम्ही ते घेतलं असतं, याची मला शंका नाही. म्हणून तर तो इतकी वर्षं तिथं राहू शकला. मला वाटत होतं, मी तुमच्यासारखीच उभी राहिले. भावकीत मला सगळे धीराची म्हणतात. मुलगीही म्हणाली, आई, मला तुझा अभिमान वाटतो. मला मात्र तुमचं ते विचारणं आठवतं, उलटं उत्तर आलं तर तू ते घेशील का.

तुमच्या पेटीतला एक खडू मी फडताळातून काढला आहे. स्वयंपाकघरात दाराजवळची भिंत काळसर झाली आहे, तिच्यावर वर उजवीकडे हात पुरतो. चौकोन आखला आहे. त्यात तुमचा प्रश्न लिहिला आहे, विमानाचा. खाली दुसऱ्या प्रश्नापुरती जागा आहे, जीपच्या. चाचा रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसतात, विचारलं तर सांगतील. खडू काडेपेटीशेजारी ठेवला आहे, आणि मी अजून तो पुन्हा उचललेला नाही.