१७ नंबरचा जोड

४ सप्टें.
सेलू. तेलाची मिल चालू व्हायच्या आधी दुरुस्ती निघाली. झाडू मारायलेते तं शेख मिस्तरी जवळ येऊन हळूच मनले, "भाभी, किसनभाईनं मारलेला जोड कापावा लागंल." वाफेच्या जुन्या टाकीला ह्यांच्या जोडापुढं नवी पाइप लावलीय. टाकी येगळी, पाइप येगळी, पाण्यानं भरून दाब देऊन बगायचं. मदात बंद करायला जागा न्हाई, म्हून कापायचं.
मी मनलं, "कापा की. संगं मला बी कापा, भंगारात वजन वाढंल."
मिस्तरी हसले न्हाईत.
जोडापशी ठसा हाय, १७. वेल्डर आपापला नंबर ठोकतेत. ह्यांचे शर्ट दिरानं नेले. ह्यांचे फोटो व्हते तो मोबाइल बिघडला. १७ तेवढा ऱ्हायला.

६ सप्टें.
तपासणीचे साहेब आले. मिशी आजून नीट फुटंना.
"मावशी, चहात साखर कमीय."
"तुमीच लय गोड, म्हून टाकली न्हाई." लाजला बिचारा.
कागद बगून मनला, पाइपचा दाब टाकीच्या दाबापेक्षा जास्त न्हाई, मंग दोनी येकत्रच तपासू. कोडात, मंजी नियमाच्या पुस्तकात, चालतंय. कापायचं न्हाई!
मोरीवर जाऊन तोंड धुतलं. दोनदा.
आले तं साहेब इचारायलाय, "जोडावर हे लाल काय?"
कुंकू. ह्ये गेल्यापासून दसऱ्याला मी लावते. सोताला न्हाई, तिथं.
"पुसा. जोड उघडा पायजे, पाणी झिरपलं तं दिसलं पायजे."
मिस्तरी फडकं धरून उभेच. त्यांचा हात उचलंना. माझं कपाळ जाऊबाईनं पुसलं व्हतं. ह्ये मीच पुसलं.
जेवले न्हाई.

८ सप्टें.
बोरचं पाणी भरलं. वरून हवा काढली. पंप मारून दाब चढवला. आमाला लांब उभं केलं. साहेब जोड-जोड बगत आला, १७ पशी थांबला. ओलं.
"मिस्तरी, गळायलाय का?"
"साहेब, पानी ठंडा है. भायेरून घाम धरलाय पाइपनं."
मी लांबूनच वरडले, "त्यांला पयल्यापासून लय घाम यायचा!"
कुनीच हसलं न्हाई. मी बी...
साहेब मनला, आज सांगता येत न्हाई. दाब उतरवा, पाणी आतच ऱ्हाऊ द्या, थंडपणा जाऊ द्या. उद्या पुसून परत. आतून आलं तं कापायचं.

९ सप्टें.
सरकीच्या पोत्यावर बसून लिहायलेय. जोड पुसलाय, कोरडा ठक. दाबाचा काटा चढायलाय. मिस्तरी मनले, "भाभी, घरी जा, मी येऊन सांगतो."
मनलं, "तुमी सांगताना रडताव. मलाच तुमाला पाणी द्यावं लागतंय."
ह्ये गेले तवा दवाखान्यातून बी तेच आले व्हते सांगायला, टोपी काढून.
काटा थांबला. साहेब बॅटरी घिऊन वाकलाय. जोडाकडं बगायची हिंमत न्हाई, मिस्तरीच्या तोंडाकडं बगायलेय.
त्यांनी आत्ता टोपी काढली. उकडायलंय म्हून असंल.