बावीस इंची चाकं आणि मामांची कंबर

तोंडवली,
मंगळवार, दिवाळीनंतरचा, २००७

तीर्थस्वरूप सत्यवानमामा यांच्या पायांवर भाचा रविराज याने डोकं ठेवलं आहे (मला उठवायला तुम्ही वाकू नका, माझा मी उठतो).

तुमची कंबर आता धरत नाही, दुपारचे जेवून बागेतल्या मांगरात जाऊन बसता ते तिन्हीसांजेपर्यंत उठत नाही, असं सावित्रीमामीने कळवल्याचं आई सांगत होती. ऐकून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. काळजी कसली ते पुढे येईलच. आंब्या-काजूला मोहर आला का? मामींचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. बापूस होडी घेऊन जातो, आई मासळी घेऊन बाजारात जाते, आणि मी, तुमच्या आशीर्वादाने, शेटची गाडी घेऊन जातो. फोनच केला असता, पण तुमच्याकडे रेंज मिळवायला काजूच्या झाडावर चढावं लागतं, आणि कंबर कितीही बरी झाली तरी तेवढी झाली नसेल.

मामा, तुम्ही माझ्याबद्दल साऱ्या वैभववाडीत सांगत होतात, की "ह्येच्या पायाक भिंगरी आसा, हो खंय टिकाचो नाय." खोटं नव्हतं ते. गोव्यात पावाच्या भट्टीवर राहिलो, रत्नागिरीला ट्रॉलरवर गेलो, कोल्हापूरच्या ट्रकवर क्लीनर झालो (त्या ट्रकचा ड्रायव्हर घाट उतरताना भजन म्हणायचा आणि चढताना शिव्या द्यायचा, उलट का नाही असं मी विचारलं म्हणून त्याने मला फोंड्याला उतरवलं, ते असो). पण तरीही शेटच्या मॅनेजरजवळ माझ्यासाठी शब्द तुम्हीच टाकलात. तो शब्द मी पहिल्या दिवसापासून जपतो आहे. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली, आणि मी अजून ह्याच नोकरीत आहे! आमच्या वाडीत ह्याचं सगळ्यांना नवल वाटतं, आणि सर्वांत जास्त मला.

तर गाडी. परदेशी आहे, नाव मला बोलता येतं पण लिहिता येत नाही. एवढी मोठी, की आमच्या पाणंदीत शिरली की समोरून येणाऱ्या म्हशीला कोणाच्या तरी सारवलेल्या खळ्यात उभं राहून वाट द्यावी लागते. शेट मुंबईला असतो, इथे रिसॉर्ट बांधायचा म्हणून गाडी इथे ठेवतो, आणि मी तिला रोज पुसतो. गणपतीला शेट आला तो नवी चाकं घेऊनच. आधीची अठरा इंची होती, ही बावीस इंची. चकचकीत, आरशासारखी. शेट म्हणाला, जुनी टायरं कोणाला हवी असतील तर देऊन टाक. मामा, त्या दिवसापासून वाडीत मला जो मान मिळाला तो दहावीला पास झालो असतो तरी मिळाला नसता. दोन टायरं बापसाने होडीच्या कडेला बांधली, धक्क्याला लागताना होडी खरचटू नये म्हणून. एक शेवंतीकाकूने नेलं, तिच्या विहिरीच्या तोंडाशी कळशी टेकवायला. एक नात्यात गेलं.

नव्या चाकांना भाईंनी गाऱ्हाणं घातलं. भाई म्हणजे आमच्या देवळाचे मानकरी, त्यांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथे कोणी नवा पंखासुद्धा फिरवत नाही. नारळ हातात घेऊन भाई म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज ह्या रविकांताच्या झिलान (बापसाचा मुलगा, म्हणजे मी) परक्याच्या गाडयेक नवी चाका घातली आसत. तेंच्या वाटेत काय आडवा-तिडवा इला तर ता दूर कर रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" देवाने शब्द पाळला. आजपर्यंत गाडीच्या आडवं कुत्रंही गेलेलं नाही. पण खड्डे हे आडवे-तिडवे नसतात, खोल असतात, आणि तेवढं गाऱ्हाण्यात राहून गेलं.

मागच्या आठवड्यात शेटचा फोन आला. त्याच्या आईची, आनंदीबाईंची, पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना समुद्राची हवा हवी म्हणून ह्या शनिवारी रेल्वेने कणकवलीला येणार. तिथून तोंडवलीपर्यंत मी आणायचं. शेट म्हणाला, "रविराज, आईला एक जरी धक्का बसला तर चावी मॅनेजरकडे ठेव आणि घरी जा." मी म्हटलं, शेट, काळजीच नको, एवढी मोठी चाकं! दसऱ्याला तुमच्या पडवीत तुम्हीच नव्हतं का सांगितलंत, बैलगाडीचा दाखला देऊन, की "चाक जितक्या मोठा, तितको खड्डो ल्हान"? त्याच भरवशावर मी बोललो. (दोष देत नाही. फक्त आठवण करून देतो.)

तरी म्हटलं, आधी एकदा घरच्या माणसावर करून बघू. आईला आचऱ्याला बारशाला जायचं होतं आणि सोलकढीचा टोप न्यायचा होता. तिला मागच्या सीटवर बसवलं, टोप मांडीवर दिला. सीट साईच्या रंगाची, कातड्याची. आई पदर सावरून अशी बसली होती की जणू उद्यापासून मासळी विकणार नाही. पहिल्या खड्ड्याला ती म्हणाली, "काय रे?" दुसऱ्याला म्हणाली, "अरे, काय रे!" तिसऱ्याला काही म्हणाली नाही, कारण सोलकढी तिच्या तोंडापर्यंत आली होती. उरलेली सीटवर. खाली उतरून ती माझ्याकडे न बघता गाडीकडे बघून बोलली, "मेल्या, ह्येच्यापेक्षा आपली होडी बरी. लाट येतली ती आधी दिसता तरी. हयसर लाट खालसून येता, आणि सांगणा नाय!" मग टोप डोक्यावर घेऊन आचऱ्यापर्यंत चालत गेली.

मामा, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी गोव्याची बस पकडली असती. खरं सांगायचं तर स्टँडवर मी गेलोही होतो. पण तिथे बसल्या बसल्या डोळ्यांसमोर तुम्ही आलात, मॅनेजरपुढे छातीवर हात ठेवून माझी हमी देताना. परत फिरलो आणि चाकापुढे फतकल मारून बसलो. आणि माझा मी, कोणाला न विचारता, शोध लावला. तो तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगतो. रिम म्हणजे आंब्याची कोय आणि टायर म्हणजे गर. बाहेरून आंबा तेवढाच! बावीस इंची चाक जमिनीपासून मोजलं तर जुन्या चाकाएवढंच उंच आहे. आत लोखंड मोठं झालं, म्हणून रबर बारीक झालं. जुन्या टायरची जाडी माझी सात बोटं होती, नव्याची चार. खड्ड्याचा मार जो काही खायचा तो त्या रबरातली हवा खाते. ती कमी, तर उरलेला मार कोण खाणार? आनंदीबाई. शिवाय ही रिम उचलून बघितली तर जात्याच्या तळीसारखी जड, खड्ड्यात गेली की आपल्या वजनाने आणखी आपटते. तुमच्या बैलगाडीचं चाक खड्डा ओलांडतं हे खरं, पण बैलगाडीत बसून कोणाची कंबर बरी झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंत? मग नव्या चाकांचा उपयोग काय, तर मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यावर वळणाला गाडी घट्ट बसते, आणि उभी असताना फार देखणी दिसते. उभी असतानाचा आराम तर उत्तमच आहे.

हवा थोडी कमी करून बघितली. आचऱ्याच्या वळणावर देवळातल्या घंटेसारखा आवाज आला आणि एका रिमची कड चेपली. ती बाजू मी सध्या भिंतीकडे करून ठेवतो.

तेव्हा ठरलं. जुन्या अठरा इंची रिमा शेटच्या पडवीत आहेतच; त्यांवर जुनी टायरं चढवायची आणि आनंदीबाईंना कापसात गुंडाळल्यासारखं आणायचं. शेटला फोन करून सगळं समजावलं, कोय आणि गरासकट. तो म्हणाला, "तुला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, माझे मामा आंबेवाले आहेत. मामा, तुमची मान वैभववाडीच्या बाजारात ताठ राहील असं बोललो आहे. शेट म्हणाला, शनिवारी आईने चांगलं म्हटलं तर तुझी नोकरी कायम. कायम! हा शब्द आमच्या घरात आजवर फक्त बापसाच्या खोकल्याबद्दल वापरला गेला आहे.

मामींना नमस्कार. ह्या पत्राचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल, म्हणजे कागदाने नाही दिलंत तरी.

तुमचा टिकलेला भाचा,
रविराज

ता. क. बापसाकडून दोन टायरं सोडवून आणली. देत नव्हता, म्हणाला, "होडयेक पण कंबर आसता." शेवंतीकाकूचं एक आणलं, बदल्यात तिची कळशी मी रोज उचलून ठेवतो. म्हणजे तीन झाली. ह्या मापाचं टायर कणकवलीत नाही, कोल्हापुरातही नाही, आणि मुंबईहून यायला महिना लागेल. गाडी सध्या चार चिऱ्यांवर उभी आहे आणि हे पत्र मी तिच्यातच बसून लिहितो आहे. अजून सोलकढीतल्या लसणीचा वास येतो.

ता. क. २. मामा, चौथं टायर दसऱ्याला मीच तुम्हाला आणून दिलं होतं. मांगरात तुम्ही जेवून ज्यावर बसता, ते. तुमची कंबर का बरी झाली ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल. माझ्या शोधाचा पहिला पुरावा तुम्हीच आहात. हे पत्र घेऊन येणारा कंडक्टर आमच्या वाडीतला आहे, त्याच्याच एसटीच्या टपावर ते टायर बांधून द्या. मध्ये सुंभ विणला असेल तर सोडवा, पण कोयता लावू नका.

ता. क. ३. तुम्ही जमिनीवर बसावं असं मला कसं वाटेल? बदल्यात एक बावीस इंची टायर आजच टपावर चढवून पाठवतो आहे. दिसायला फारच देखणं आहे, वाटेने जाणारा माणूस थांबून बघेल. बसल्यावर कसं वाटतं ते मात्र कळवू नका, मला ठाऊक आहे.