दोन थेंब आणि फरशीची रेघ

प्रिय छोट्या,

फोनवर तू रडायला लागतोस आणि मी शिकवायला लागते; आपलं बोलणं त्यापुढे सरकतच नाही. म्हणून लिहिते आहे. पत्र वाचणाऱ्याला मध्येच "ताई, पुरे" म्हणता येत नाही, हा पत्राचा मोठाच गुण.

आई बरी आहे, म्हणजे जेवते आणि माझ्यावर चिडते. बाबांची ड्रायव्हिंग शिकवायची गाडी विकली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने घेतली. नेण्याआधी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक कोरा करकरीत आहे आणि साहेबांच्या पायाखालचा पार गुळगुळीत. जन्मभर दुसऱ्यांचे अपघात स्वतःच्या पायाने थांबवले त्यांनी. मला हसू आलं.

कागदपत्रं काढायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर आत चष्म्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या तुझ्या दुकानातल्या सीबीडी तेलाच्या बाटल्या. एक रिकामी, एक अर्धी. आणि बाबांचा संध्याकाळचा सगळा कार्यक्रम मला एकदम उलगडला.

ते रोज संध्याकाळी "बॅटरी उतरेल" म्हणत खाली जायचे, गाडी नुसती सुरू करून बसायचे. चालवणं त्यांनी यंदा अचानक सोडलं होतं. आम्ही त्याचं खापर गुडघ्यांवर फोडलं. मग वर यायचे आणि घरातल्या बोळात दोन फरशांमधल्या रेघेवरून, पावलापुढे पाऊल ठेवत, हात जरासे पसरून चालायचे. आई म्हणायची, "सर्कशीत नाव घातलंय का?" मला वाटे, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असेल. अरे, ते स्वतःची परीक्षा घेत होते! भांगेच्या झाडाचं तेल आहे, असं तूच सांगितलं होतंस ना? गाडीत बसवण्याआधी विद्यार्थ्याच्या तोंडाचा वास घेणारा हा माणूस. जिभेखाली थेंब घ्यायचे, वाट बघायची आणि झोक जातोय का ते पाहायचं. रोज पास व्हायचे. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला: नशा होत नाही, त्या अर्थी अपायही होत नाही. हा हेत्वाभास मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते, आणि घरात तो माझ्या डोळ्यांदेखत रेघेवरून चालत होता.

नशा येत नाही, हे तू सांगितलंस त्यात खोट नव्हती. पण झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हे तुला कुणी सांगितलं? कण्हेरही झाडच आहे, राजा. आणि गुडघ्याला, झोपेला, काळजीला, सगळ्यालाच लागू पडतं, हे तर तू मोठ्या थाटात म्हणायचास. ज्या शब्दाचा अर्थ काहीही होऊ शकतो, त्याला अर्थ नसतो, एवढंच आमचं तर्कशास्त्र सांगतं.

त्यांच्या हृदयातली ती कृत्रिम झडप आणि रक्त पातळ ठेवायची गोळी तुला माहीतच होती. तपासणीत रक्त हवं त्याहून पातळ निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, आणखी काही औषध घेता का?" "छे!" मी शेजारीच बसले होते. ते खोटं बोलले नाहीत रे. ती नशा असेल, तर लेकीसमोर सांगायची लाज. नशा नसेल, तर ते नुसतं तेल, औषध कुठलं? या दोहोंच्या मध्ये ते निवांत बसले होते. बाईंनी गोळी कमी केली. यांनी थेंब वाढवले; गुडघे दुखत होते आणि परीक्षेत तर ते पास होतच होते. दंडावर निळे डाग दिसायला लागले, तर म्हणाले, दाराला लागलं. मग त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार डोक्याला लागलं. हसले. जेवले. डोकं दुखतंय म्हणून आडवे झाले. डोक्यात आतल्या आत रक्त साचत गेलं, ते उठलेच नाहीत; पुढचं तुला ठाऊक आहे.

बाटल्या घेऊन मी बाईंकडे गेले. त्या बराच वेळ लेबल वाचत राहिल्या. म्हणाल्या, हे विष नाही. फिट्सच्या काही आजारांत हेच औषध त्या स्वतः लिहून देतात, पण मोजून, रक्त तपासत. लेबलावर लिहिलेलं सगळं बाटलीत असतंच असंही नाही. आणि हे तेल त्या गोळीची यकृतातली वाट अडवतं. गोळी शरीरात साचते, रक्त आणखी पातळ होतं. याच्यामुळेच झालं, असं त्या शपथेवर सांगणार नाहीत. पण त्यांना ठाऊक असतं, तर त्यांनी वरचेवर रक्त तपासलं असतं. हे वाक्य घरी आणायची माझी इच्छा नव्हती. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुलाही सांगणार नव्हते. बाबांना झोप लागत नाही, या काळजीने तू ते पाठवलंस. मोज्यांत गुंडाळून, बाटली फुटू नये म्हणून. पण काल बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तुझ्या काउंटरचा फोटो पाठवला. तुझ्याच गावात असतो तो. चौकटीत बाबा, तू व्हिडिओ कॉलवर टिपलेले: गाडीत, पट्टा लावून, हातात तुझी बाटली, तोंड उघडून हसताहेत. खाली तुझं अक्षर, 'माझ्या वडिलांना आता शांत झोप लागते.' त्याला वाटलं, मला बरं वाटेल. सरांच्या भरवशावर त्याने आपल्या आईसाठी बाटली घेतली आहे. तिलाही रक्त पातळ करायची गोळी आहे. मी त्याला थांबवलं. बाकीच्यांना मी कशी थांबवू? म्हणून, छोट्या, तो फोटो आज उतरव, आणि येईल त्याला आधी विचार, कुठल्या गोळ्या घेता. मग तो फोटो मला पाठव. बाटली कापून टाकू नकोस, आहे तसाच पाठव. इथे भिंतीवर लावायला काहीच नाही. आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत ते, कुणीतरी हँडब्रेक न काढता गाडी सुरू केल्यासारखे दिसतात. असे हसले ते तुझ्यापुढेच.

तुझीच,
ताई