पाच माणसं घेऊन चढेल ती

२ नोव्हेंबर, रविवार

शोरूमला गेलो. घेतलं काहीच नाही. स्वतःचा पचका मात्र करून घेतला.

समोर वेदिका नावाची मुलगी होती. आमच्या पुतण्याच्या, हर्षलच्या वयाची असेल. गोड बोलते. "सर, मॉडेल एकच, इंजिन दोन. एक लीटर आणि दीड लीटर. फॅमिली किती माणसांची?"

मी सहा म्हणायला गेलो! अकरा महिने झाले तरी जीभ सहाच म्हणते. शेवटी तृप्तीनं सांगितलं, "आम्ही दोघंच. गावाकडची धरली तर पाच." मग एक लीटर भरपूर झालं सर, सिटीत तर काही प्रश्नच नाही, असं ती मुलगी म्हणाली.

सिटीत! घर ते कंपनी चार किलोमीटर. सातपूरच्या रस्त्यावर सायकलसुद्धा पळते. मला गाडी सिटीसाठी नकोच आहे. मला गड चढायचाय. पण हे त्या पोरीला कुठे सांगत बसू?

३ नोव्हेंबर

एकदाचं लिहून टाकतो. कोणाला सांगता येत नाही, निदान वहीला तरी.

गेल्या वर्षीचा आठ डिसेंबर. गावाहून, देवळ्याहून सप्तशृंगी गडावर निघालो – मी, तृप्ती, आई, माझा मोठा भाऊ यादवदादा आणि सविता वहिनी. आमची जुनी आठशे सीसीची गाडी. नांदुरीला चहा प्यायलो, गाडी चढाला तोंड करून उभी होती. निघालो आणि घाटात ती दमायलाच लागली. एसी बंद केला. पहिला गिअर. तरी रडतेय! जळका वास सुटला. मी म्हटलं, क्लच गेला. शेवटची दोन-तीन वळणं राहिली असतील, तेव्हा मी बोललो, "एक माणूस कमी झालं तर जाईल बहुतेक."

माझंच वाक्य. दुसऱ्या कोणाचं नाही.

आई ऐंशीला आलेली, बायका कशाला उतरतील? दादा उतरला. सव्वीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. "तू थांबू नको, दत्तू. थांबला तर परत उचलायची नाही ती. मी येतो मागून." रस्त्याकडेचा एक दगड उचलला त्यानं. गाडी मागे सरकली तर चाकाला लावायला! मी आरशात बघत होतो. हिरवा स्वेटर, हातात दगड. मग वळण आलं आणि दिसेनासा झाला.

वर पोचलो. गाडी लावली. वहिनी ओटीचं ताट नीट करत होत्या आणि मी नारळ निवडत होतो – हलवून हलवून, पाणी किती आहे ते बघत! दहा मिनिटांनी एक जीपवाला आला. म्हणाला, हिरव्या स्वेटरचं माणूस तुमचं का?

दादा छाती धरून चढावरच कोसळला होता, दगड त्याच्या हाताजवळच पडला होता. वणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. ओटी तशीच राहिली, देवीपर्यंत गेलीच नाही.

४ नोव्हेंबर

वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी देवळ्याला गेलो की चहा येतो, ताट वाढलं जातं, पण बोलणं सगळं हर्षलमार्फत. मी समोर बसलेला असतो आणि त्या पोराला म्हणतात, "काकांना विचार, भाकरी वाढू का." दादाचा मुलगा तो, बावीस वर्षांचा, बिचारा दोघांकडे बघत मान हलवतो.

आज आईचा फोन. "दत्तू, माले गडवर लई चाल. ओटी बाकी शे." गडावर घेऊन चल म्हणते. वर्ष सरल्याशिवाय देवाला जायचं नाही म्हणून थांबली आहे ती. तिथीनं अठ्ठावीसला वर्षश्राद्ध. दुसऱ्या दिवशी गड. म्हणाली, सवितापण येईल, मी आणते तिला.

वहिनी माझ्या गाडीत बसणार! म्हणजे गाडी अशी हवी की पाच माणसं बसलेली असताना घाटात हूं की चूं करणार नाही. कोणाला उतरावं लागणार नाही. कोणाला "उतरा" म्हणायची वेळ माझ्यावर येणार नाही. यात चूक झाली तर संपलं, मग त्या आयुष्यभर बोलणार नाहीत.

६ नोव्हेंबर

वजनं काढली. मी ७८, तृप्ती ६१, आई ४४, वहिनी ५५ धरू, हर्षल ७०. तीनशे आठ किलो. शिवाय ओटी, नारळ, पाण्याच्या बाटल्या. तीनशे वीस.

तृप्तीनं कागद बघितला. घडी करून परत टेबलावर ठेवला.

८ नोव्हेंबर

एक लीटरवाला टर्बो आहे म्हणे, छोटा असून ताकद भरपूर. दीड लीटरवाला साधा, पण दमदार. कंपनीतले निम्मे म्हणतात छोटा घे, निम्मे म्हणतात मोठा. कॅन्टीनमध्ये माझ्यावरून चक्क वाद झाला. अठरा वर्षं क्वालिटीला आहे मी. हातात व्हर्नियर घेऊन लोकांचे पार्ट रिजेक्ट करतो, केसाएवढ्या फरकासाठी. आणि दोन इंजिनांतलं एक मला निवडता येत नाही!

९ नोव्हेंबर, रविवार

वेदिकाच्या हातापाया पडून टेस्ट ड्राइव्ह अंजनेरीच्या चढावर मागून घेतली. तिचे साहेब तयार नव्हते, तिनेच पटवलं. वजनासाठी कंपनीतल्या वाळू नावाच्या मित्राला आणि आणखी दोघा जाडजूड मित्रांना कोंबलं. वेदिका पुढे.

आधी एक लीटर. चढली. एसी चालू ठेवूनही चढली, पण एका वळणावर जरा अडखळल्यासारखी झाली. मला घामच फुटला. वेदिका म्हणाली, "सर, दुसरा टाका ना, तुम्ही तिसऱ्यात आहात." मला ऐकूच आलं नाही. वर जाऊन दरीकडे तोंड करून उभा राहिलो, पोरांना वाटलं फोटो काढतोय.

मग दीड लीटर. बिनबोभाट गेली.

येताना वाळू म्हणाला, "बरं झालं, त्या जुनीची पीडा जाईल. गेल्या वर्षी गडावरून मीच आणली ना खाली? लय जड चालत होती. उतारालासुद्धा ॲक्सिलेटर द्यावा लागत होता, बोल!" तो आला होता आमच्यासाठी दुसऱ्या दिवशी, खरंय. मी म्हटलं, आठशे सीसीकडून आणखी काय होणार.

११ नोव्हेंबर

तृप्ती शेवटी बोललीच. "दीड लीटरनं दादा परत येणार आहेत का?"

मी ताटावरून उठलो. नंतर ती मागून आली आणि खांद्यावर हात ठेवला. चुकलं म्हणाली. तिचं काही चुकलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

दीड लीटर बुक केली. पंचवीसला नक्की देते म्हणाली वेदिका. रंग कुठलाही चालेल, म्हटलं. सगळ्यात आधी येईल तो.

१५ नोव्हेंबर

आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो. घाट डोळ्यांपुढे आणून बघितला – नांदुरी, पहिलं वळण, दुसरं, सगळी गाडीत. मागच्या सीटवर वहिनी. आणि वर पोचल्यावर त्या काहीतरी बोलतात. काय ते ऐकू येत नाही, पण माझ्याकडे बघून बोलतात.

२० नोव्हेंबर

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यायची, म्हणून कव्हर काढलं. वर्षभर जागची हललेली नाही. बॅटरी मेलेली. ढकलायला गेलो तर चाक फिरेना. कुंदनला बोलावलं. सातपूरला गॅरेज आहे त्याचं, आठ वर्षं आमची गाडी तोच बघतो. ओढून घेऊन गेला.

संध्याकाळी गेलो. मागची दोन्ही चाकं काढून ठेवलेली. त्यानं ब्रेकचे लायनर माझ्या हातात दिले. काळे कोळसा! हात लावला तर भुगा होत होता.

"काका, तुमची हँडब्रेकची केबल आतून गंजलीय. लिव्हर खाली येतो, पण केबल परत येत नाही. मागची चाकं धरून बसलेली आहेत. आणि हे असे नुसते उभ्या उभ्या जळत नाहीत. कोणीतरी ब्रेक लागलेला असताना लांबचा चढ चढवलाय गाडीला."

मी विचारलं, इंजिन?

"इंजिन एकदम टकाटक! त्या इंजिनाचीच कमाल म्हणायची, ब्रेक लागलेला असताना चढलं ते."

२१ नोव्हेंबर

कंपनीत गेलो नाही.

२२ नोव्हेंबर

दादाची सवय. बाजूला बसला तरी त्याच्यातला ड्रायव्हर काही गप्प बसायचा नाही. उजव्या पायानं हवेत ब्रेक दाबायचा. गाडी चढावर उभी राहिली की स्वतःच हात घालून हँडब्रेक खेचायचा, करकचून. आम्ही हसायचो. नांदुरीला चहाला उतरताना त्यानं खेचला होता. आवाज आठवतो मला. आणि निघताना मी लिव्हर खाली केला. केला, हे नक्की. पण खाली आली ती नुसती काठी, ब्रेक सुटलाच नाही.

मी कधीच लावत नाही हँडब्रेक. सपाट जागा, गिअरमध्ये टाकली की झालं. म्हणून कळलं नाही कधी.

आता खरं ते लिही, दत्तू. कळलं नाही, असं नाही. गडाला गेलो त्याआधीच्या दिवाळीच्या सर्व्हिसिंगला कुंदन म्हणाला होता, "काका, हँडब्रेकची केबल खराब झालीय, बदलून टाकू?" आणि मी म्हणालो होतो, "हँडब्रेक लावतो कोण? राहू दे, पुढच्या वेळी बघू."

राहू दे. तोंडातून किती सहज गेलं! कंपनीत असा पार्ट कोणी पुढे सोडला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं असतं.

आठशे सीसीला वर्षभर शिव्या घातल्या मी. आणि ती बिचारी मागची चाकं आवळलेली असताना पाच माणसं घेऊन अर्ध्याहून जास्त घाट चढली होती.

२३ नोव्हेंबर

कोणाला सांगायचं? तृप्तीला? आईला? वहिनींना तर नाहीच. आत्तापर्यंत देवानं नेलं, इंजिन कमी पडलं, एवढंच आहे त्यांच्याकडे. त्यात मी हे घालू?

कुंदनला म्हटलं, सगळं नवीन टाक. केबल, लायनर, बॅटरी. तो म्हणाला, द्यायचीच गाडी, कशाला उगाच? मी म्हटलं टाक.

२५ नोव्हेंबर

वेदिकाचा फोन. "सॉरी सर, गाडी ट्रान्झिटमध्ये अडकलीय. दोन तारखेच्या आत येत नाही." मी ओरडलो तिच्यावर. ती रडवेली झाली. मग मीच माफी मागितली.

आईला सांगितलं, चार दिवस पुढे ढकलू. ऐकायला तयार नाही. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे दुसऱ्या दिवशी. भाड्याची गाडी बघतो म्हटलं, तर म्हणे, "आपली गाडी शे ना घर! तिन्हाच ओटी ऱ्हायनी." त्याच गाडीत राहिलेली ओटी त्याच गाडीतून न्यायची. तृप्तीनंही मान डोलावली – कुंदननं नीट केलीय ना आता?

नीट केलीय. तीच तर भीती आहे मला!

२६ नोव्हेंबर

काहीतरी भयंकर मनात येतंय आणि ते जात नाही. ती चढू नये. सगळं नवीन टाकूनही ती शनिवारी घाटात दमावी, रडावी, थांबावी. मी उतरेन, हर्षल चालवील, मी दगड घेऊन मागून चालेन. म्हणजे इंजिनच छोटं होतं, असं ठरेल. केबल नीट असती तरी दादाला उतरावंच लागलं असतं, असं ठरेल.

आई सप्तशृंगी, आयुष्यात पहिल्यांदा मागतोय. गाडी चढू देऊ नकोस.

२८ नोव्हेंबर, देवळा

श्राद्ध झालं. दादाच्या फोटोला वहिनींनी स्वतः हार घातला. पानं वाढून झाली, पाहुणे गेले. मी ओसरीवर बसलो होतो. वहिनी दारात आल्या आणि हर्षलला म्हणाल्या, "काकांना सांग, मी येते उद्या. पुढं बसते."

पुढे. दादाच्या जागेवर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चढली. पाच माणसं, एसी चालू, दुसऱ्या गिअरवर, एकदाही न थांबता. दादा जिथे उतरला होता त्या वळणावरूनसुद्धा तशीच गेली. मागून आई हात जोडून म्हणत होती, "दख, कशी चढनी! आईनी वढी लिधी!" देवीनंच ओढून घेतली म्हणे. तृप्ती रडत होती, हसत होती.

वर गाडी लावली. वहिनी उतरल्या नाहीत. ओटीचं ताट मांडीवर घेऊन समोर बघत बसल्या. मग वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं.

"भावजी, मग तवा का नाय चढली?"