दारातले पाहुणे

३ जून
आज लेकाच्या घरी बिऱ्हाड हलवलं. बंड्याने खिडकीपाशी देवघर आधीच मांडून ठेवलेलं, बघून भरून आलं. लोकांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर मशीनमधून फोटो, कागद काढून देणं हा त्याचा धंदा. म्हणाला, मॅट्रिक झालेली, हिशेबी बाई मला फुकट कुठे मिळणार, तूच हाताखाली ये. मी म्हटलं येते, पण रिकाम्या खोलीत दिवा जाळायचा नाही.

६ जून
काम शिकले. गिऱ्हाइकाच्या डिस्कांचा संच आपल्या मशीनला जोडला की त्यातले फोल्डर आपणहून आपापल्या ठरल्या जागी येऊन बसतात. त्याला माउंट होणं म्हणतात. त्यांच्या जागेचं नाव ‘घर’ आणि आपलंही ‘घर’ असलं, तर त्यांचं आपल्यावर बसतं. आपलं पुसलं जात नाही, खाली झाकलं जातं. म्हणून जोडताना कमांडमध्ये एन हे अक्षर घालायचं. मग संचाची ओळख होते, पण आत कोणी बसत नाही. बंड्या म्हणतो, पाहुण्याला नाव विचारायचं, पाट मांडायचा नाही.

११ जून
एका वकिलाने एका कुटुंबाचा संच पाठवला. आई, बाप, मुलगी, तिघंही एकाच अपघातात गेलेली. बंड्या आंघोळीला गेला होता. मेलेल्यांना दारात ताटकळत ठेवणं मनाला पटेना. हात जोडले, आणि एन घातला नाही.

१२ जून
मशीनवर बंड्याच्या लहानपणच्या फोटोंच्या जागी त्या मुलीचे फोटो. मी केलं ते सांगितलं. तो रागावला नाही, आपले खाली आहेत, हे वरचं उतरवतो म्हणाला. मशीन ऐकेना. आत कोणीतरी बसलंय, ते उठेपर्यंत उतरवता येत नाही, असं दाखवत राहिलं. पाहुणे चिवट आहेत, म्हणून हसला.

१३ जून
भिंतीवरच्या फोटोतही ती मुलगी. देवघरात देव दुसरेच. त्यांनाच फुलं वाहिली. बंड्याने हाक मारली, ती फरशीखालून आल्यासारखी.

१५ जून
त्याच्या खोलीतून ती मुलगी बाहेर आली. मला आजी म्हणाली. तिच्या आईने चहा दिला, साखर बेताची, मला लागते तशी. बंड्या कुठे आहे विचारलं. कोण बंड्या, म्हणाली. खाली कोणी खोकत होतं. खोकला त्याचाच.

१६ जून
मशीनला विचारलं, आत कोण बसलंय. एकच नाव आलं. माझं.
मी या घरातून उठून गेले की हे उतरेल. तो वर येईल.

१७ जून
चहा झाला की उठते — मुलीची वेणी तेवढी घालून —

जून
उठायचं आहे. खाली कोणी खोकतंय. त्याच्यासाठीच उठायचं होतं. तो माझा —