डाग काचेवर नाहीत, वन्सं

प्रिय वन्सं,

आपलं एकमेकींना पत्र लिहिण्याइतकं कधी जमलं नाही, तरी लिहितेय. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका. आणि सूनबाईला म्हणावं, जसं आहे तसं वाच. तिला गोड करून वाचायची सवय आहे, मला गोड लिहायची नाही.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार नाही, कारण नाहीये. मागच्या आठवड्यात यांनी गाडी मागे घेताना शेजारच्या माळ्याची ढकलगाडी चेपली. माळी पाणी प्यायला गेला होता म्हणून नुसती ढकलगाडीच गेली. गाडीत शाळेत सोडायची पोरं बसलेली. त्यांना मजा वाटली, टाळ्या पिटायला लागली. मी मात्र धावत जाऊन आधी चाकाखाली बघितलं. आणि तुमचे बंधुराज काय म्हणाले, माहितेय? "आरशावर पाण्याचे डाग आहेत, दिसणार कसं? गाडी धुतेस की नुसती भिजवतेस?" माळ्यासमोर, पोरांसमोर! गाडी रोज मी धुते ना, मग खापर माझ्याच डोक्यावर.

खोटं कशाला बोलू, डाग होते. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यात क्षार इतके की बादलीलासुद्धा पांढरी कड धरते. गाडी धुऊन उन्हात सोडली की पाणी उडून जातं आणि एकेका थेंबाचा पांढरा गोल काचेवर बसतो. साबणानं जात नाही, पुसून तर मुळीच नाही. मी रागानं भांड्यांची घासणी उचलली. पहिल्याच फटक्यात मागच्या काचेवर चरे उठले. ते आता जन्माचे.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. म्हटलं, आज एक तर डाग राहतील नाहीतर मी. गाडी यांच्याकडून सावलीत लावून घेतली, काच गार होऊ दिली. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच साधं पाणी घेतलं, फडकं बुडवून पिळलं आणि आरशावर नुसतं चिकटवून ठेवलं, तापाच्या कपाळावर घडी ठेवतो तसं. आरशावर थेट ओतायचं नाही हं, कडेनं आत गेलं तर मागचा मुलामा जाऊन आरसा काळा पडतो. मग थांबायचं. वन्सं, तेच मला जड गेलं. चहा ठेवला, उकळला, प्याले, तोवर हात आवरून बसले. मग मऊ फडक्यानं गोल गोल चोळलं, धुतलं आणि लगेच कोरडं केलं. पाणी आपलं आपण वाळू दिलं की मेहनत पाण्यात. हट्टी डागांना पुन्हा घडी, पुन्हा चोळणं. शेवटी आरसे असे निघाले की माझ्या नाकावरचा तीळ मला आवडेनासा झाला.

यांना बोलावलं. बघून म्हणाले, "अजून धुरकट आहे." मी पुन्हा केलं. "आहेच की अजून." तेव्हा मला काहीतरी सुचलं. हे आत पाणी प्यायला गेले, तेवढ्यात खिडकीची काच हँडल फिरवून पार खाली उतरवली. मग यांना गाडीत बसवलं आणि विचारलं, आता बघा बरं, खिडकी कशी दिसतेय? डोळे बारीक करून म्हणाले, "आरशापेक्षा बरी. पण कोपऱ्यात पांढरं राहिलंय, घास थोडं."

काच नव्हतीच हो तिथं.

मी पायरीवर बसले. भांडायचंसुद्धा सुचलं नाही, यावरून समजा. मग उठले आणि गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली. पोरांच्या आईबापांना सांगितलं, दुसरी गाडी बघा. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, ते बरंच झालं, त्या शांततेत डॉक्टरकडे नेऊन आणता आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला सकाळी जायचं, संध्याकाळी घरी.

तर नाही म्हणतात. म्हणे मामंजींची दृष्टी ऑपरेशननंतरच गेली, आणि वर तुमचं नाव, "ताईनं मला बजावलंय, डोळ्याला कुणाचा हात लावू द्यायचा नाही." मी डॉक्टरना ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, न पाहिलेल्या माणसाबद्दल मी बोलणार नाही, पण जितकं पिकू द्याल तितकं अवघड. मामंजींनी किती पिकू दिलं होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. भिंत धरून चालायचे तेव्हा कुठं दवाखाना बघितला त्यांनी. मी यांच्यापुढं हेच बोलले, तर चिडून म्हणाले, "ताईनं केलं तर मी करीन!" तुम्ही कधी करणार नाही, या भरवशावर बोलले ते.

आणि तुमचं काय चाललंय ते मला कळतं. चहा कपाबाहेर ओतता. माणूस दारात आला की आधी त्याला बोलू देता, मग नाव घेता. मागच्या खेपेला मला धाकट्या जाऊबाई समजून माझीच चुगली मला सांगितलीत! ऐकून घेतली मी, मजा आली. वन्सं, हे तुमच्या आड लपताहेत आणि तुम्ही मामंजींच्या आड. मी दोघांनाही लपू देणार नाही.

म्हणून हे पत्र. येत्या मंगळवारी दोघांचीही नावं लावलीत दवाखान्यात. आधी तुमचं, तुम्ही थोरल्या. सोमवारी भाड्याची गाडी घेऊन मी स्वतः न्यायला येतेय, पिशवी भरून ठेवा. येणार नाही असा निरोप पाठवू नका, तो मी घेणार नाही. मला शिव्या घालायच्या असतील तर गाडीत घाला, रस्ता लांब आहे. आणि आत नेताना भीती वाटली तर माझा हात धरा. इतक्या वर्षांत मी तो कधी पुढं केला नाही, तुम्हीही मागितला नाही. आता मागायची वाट मी बघणार नाही.

तुमचीच,
भांडकुदळ भावजय